ब्रिटिश ‘सू’ लेबल ऐकायचे कसे

गायक धरून गाणी ऐकण्याची सवय आपल्याला लहानपणापासून असते; लेबल, म्हणजे तबकडी ज्या नावाखाली निघते ते कंपनीचे नाव, धरून ऐकण्याची फारशी नसते. लंडनमध्ये १९६३ च्या अखेरीस सुरू होऊन १९६८ पर्यंत चाललेले ‘सू’ हे छोटे लेबल ज्याला समजून घ्यायचे आहे, त्याला ही दुसरी सवय लावून घ्यावी लागते. त्याच्या यादीत अमेरिकेतल्या ग्रीन्सबरोची बहीण-भावाची जोडी, मिसिसिपीत वाढलेला स्लाइड गिटारवादक, फिलाडेल्फियाचा ऑर्गनवादक आणि लॉस एंजेलिसचे दोन गायक अशी एरवी एका छपराखाली न येणारी माणसे शेजारी शेजारी बसलेली आहेत. त्यांना एकत्र आणले ते विशीतल्या एका तरुणाच्या कानाने. तो कान काय शोधत होता, हे ऐकता ऐकता कळावे, यासाठी मला जी पद्धत उपयोगी पडली ती इथे मांडतो आहे.

आधी दोन ‘सू’ वेगळे करा

पहिला गोंधळ नावाचाच होतो. मूळचे ‘सू रेकॉर्ड्स’ न्यूयॉर्कचे. हेन्री ‘जगी’ मरे या कृष्णवर्णीय उद्योजकाने ते १९५७ साली काढले, आणि आइक व टीना टर्नर यांची पहिली गाजलेली तबकडी, १९६० ची ‘अ फूल इन लव्ह’, त्यांच्याच लेबलवर निघाली. ब्रिटिश ‘सू’ ही या कंपनीची शाखा नव्हती. ख्रिस ब्लॅकवेल यांनी १९५९ मध्ये जमैकात ‘आयलंड रेकॉर्ड्स’ सुरू केली, १९६२ मध्ये ते लंडनला आले आणि आपल्या मिनी कूपर गाडीच्या डिकीत तबकड्या भरून कॅरिबियन वस्तीतल्या दुकानांना विकू लागले. मरे यांची ध्वनिमुद्रणे इंग्लंडमध्ये काढण्याचा परवाना मिळाल्यावर त्यांसाठी आयलंडने ‘सू’ हे नाव वापरले. म्हणूनच ‘सू’च्या क्रमांकाआधी ‘डब्ल्यू आय’, म्हणजे वेस्ट इंडीज, ही आयलंडचीच अक्षरे आहेत. अमेरिकन गाण्यावर ही अक्षरे पाहून नवा माणूस बुचकळ्यात पडतो, पण त्यात इतिहास दडलेला आहे. जमैकात मोठे स्पीकर लावून लोकांना नाचवणाऱ्या साउंड सिस्टिमवाल्यांनी न्यू ऑर्लिन्सचे रिदम अँड ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांचे ठेकेदार नाचगाण्याचे संगीत, पन्नाशीच्या दशकातच डोक्यावर घेतले होते, त्यामुळे जमैकन तबकड्या विकणाऱ्या माणसाच्या डिकीत हे संगीत मुळीच परके नव्हते.

निवड करण्याचे काम ब्लॅकवेल यांनी गाय स्टीव्हन्स यांच्याकडे सोपवले. १९४३ साली जन्मलेले स्टीव्हन्स सोहोमधल्या हॅम यार्डातील ‘सीन क्लब’मध्ये सोमवारी रात्री आपल्या संग्रहातल्या अमेरिकन तबकड्या लावत असत, आणि त्या ऐकायला ‘मॉड’ म्हणवणाऱ्या फॅशनेबल, संगीतवेड्या तरुणांबरोबर तेव्हा नावारूपाला येणारे वादकही येत. मरे यांच्या यादीपाशी स्टीव्हन्स थांबले नाहीत. लॉस एंजेलिस, न्यू ऑर्लिन्स, शिकागो, जिथे म्हणून त्यांना हवे ते गाणे सापडले, तिथल्या छोट्या कंपन्यांकडून ते घेऊन त्यांनी ‘सू’च्याच नावाने काढले. पुढे मरे आणि आयलंड यांचे संबंध तुटले, तरी लंडनमध्ये ते नाव चालूच राहिले. आपल्या कंपनीच्या नावाखाली दुसऱ्यांचा माल विकला जाणे कोणत्याही मालकाला रुचणार नाही, आणि मरे यांची नाराजी मला रास्त वाटते. त्याचबरोबर हेही मान्य करावे लागते की, ती मर्यादा ओलांडली गेली नसती तर या लेबलला स्वतःचा चेहरा आला नसता. ऐकताना दोन्ही गोष्टी मनात असू द्याव्यात.

ऐकण्याची तयारी

ही गाणी त्या काळच्या इंग्लंडमध्ये कानावर पडणे किती दुर्मीळ होते, याची कल्पना असल्याशिवाय त्यांचे मोल कळत नाही. वादक संघटना आणि ध्वनिमुद्रिका कंपन्या यांच्याशी झालेल्या करारांमुळे बीबीसीला दिवसातले मोजकेच तास तबकड्या वाजवता येत. त्याला ‘नीडल टाइम’ म्हणत. ‘रेडिओ कॅरोलाइन’चे जहाज समुद्रातून गाणी प्रक्षेपित करू लागले ते २८ मार्च १९६४ रोजी. तोवर रेडिओ लक्झेंबर्ग, क्लबांतल्या रात्री आणि अमेरिकेतून टपालाने मागवलेल्या तबकड्या एवढेच मार्ग होते. त्यामुळे ‘सू’ची तबकडी घेणारा तरुण बहुधा ते गाणे आधी क्लबात, नाचणाऱ्या गर्दीत, मोठ्या आवाजात ऐकून आलेला असे. तुम्हीही ते इयरफोनवर हळू आवाजात ऐकू नका. खोलीत, स्पीकरवर, शेजाऱ्यांना त्रास होणार नाही इतपत मोठ्याने आणि शक्य तर उभे राहून ऐका.

मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांच्या या तबकड्या मोनो, म्हणजे एकाच ध्वनिमार्गाच्या, आहेत. टर्नटेबलला जोडलेल्या अॅम्प्लिफायरवर मोनोचे बटण असेल तर ते दाबावे. मोनो खाचेत संगीत फक्त आडव्या हालचालीत कोरलेले असते, तर धूळ आणि झीज सुईला वर-खालीही हलवतात. मोनो बटणामुळे ही उभी खरखर एकमेकांत विरून जाते आणि गाणे एकदम पुढे येते. बटण नसले तरी अडत नाही, मात्र फरक खरोखर ऐकू येण्याजोगा आहे. सुईचे वजन कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) बनवणाऱ्याने सांगितलेल्या मर्यादेत ठेवावे. फार हलकी ठेवलेली सुई जुन्या तबकडीला वाचवण्याऐवजी खाचेत उड्या मारून तिला अधिक इजा करते.

मूळ तबकड्या हाताशी नसतील तरी सुरुवात करता येते. लंडनच्या ‘एस’ कंपनीने ‘यूके सू लेबल स्टोरी’ या नावाने सीडीचे खंड काढले असून, पहिला खंड स्टीव्हन्स यांच्याच निवडीभोवती रचलेला आहे. मी तर म्हणेन की पहिले दोन-तीन महिने तबकडी विकत घेऊच नये. आधी कान तयार होऊ द्यावा.

पहिली तबकडी: डब्ल्यू आय ३०१

सुरुवात पहिल्या क्रमांकापासूनच करावी. आयनेझ फॉक्स आणि तिचा भाऊ चार्ली यांचे ‘मॉकिंगबर्ड’ हे मुळात अमेरिकेतले अंगाईगीत. मरे यांच्या ‘सिंबल’ या उपलेबलवर ते १९६३ मध्ये निघाले आणि अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत सातव्या क्रमांकापर्यंत गेले. इंग्लंडमध्ये त्याला तेव्हा तसे यश मिळाले नाही.

ते सलग तीनदा ऐकावे, आणि प्रत्येक वेळी एकच गोष्ट धरावी. पहिल्यांदा फक्त दोन आवाज ऐका. ‘मॉकिंगबर्ड’ या एका शब्दाचे तुकडे करून बहीण-भाऊ ते एकमेकांकडे असे फेकतात की शब्द पुरा कोणी केला हे सांगता येऊ नये. चर्चमधल्या गायनातून आलेली ही रीत आहे. तमाशातले सवाल-जवाब आणि वगात झीलकऱ्यांनी उचलून धरलेली ओळ ज्याने ऐकली आहे, त्याला तिची ओळख करून द्यावी लागत नाही. फरक एवढाच की झीलकरी ओळ संपण्याची वाट पाहतो आणि चार्ली फॉक्स तशी वाट पाहत नाही. दुसऱ्या खेपेला आवाज सोडून ठेका धरा. मोजून चार मात्रांचा हा ठेका आहे, पण जोर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतो. टाळी पहिल्या मात्रेवर द्यायची आपली सवय मोडायला थोडा वेळ लागतो. पायाने चारही मात्रा मोजा आणि टाळी दुसऱ्या-चौथ्यावर द्या. एकदा ते जमले की रिदम अँड ब्लूजचे निम्मे कुलूप उघडले असे समजावे. तिसऱ्या खेपेला आयनेझचा आवाज कुठे फाटतो तिकडे लक्ष द्या. ओळ टिपेला नेताना ती आवाज गोल करत नाही, तो खरखरू देते. स्टीव्हन्स यांनी पुढे निवडलेल्या गाण्यांत ही खरखर पुन्हा पुन्हा भेटते, आणि त्यांचा कान ओळखण्याची ती पहिली खूण आहे.

नंतर कुठे जावे

यानंतर क्रमांकाने पुढे जात राहिलात तरी चालेल, पण एक उडी लवकर घ्यावी असे मला वाटते, ती डब्ल्यू आय ३३५ वर. हे एल्मोर जेम्स यांचे ‘डस्ट माय ब्लूज’. त्यांनी हेच गाणे थोड्या निराळ्या नावाने १९५१ मध्ये मिसिसिपीतल्या एका छोट्या लेबलसाठी गायले होते. ‘सू’वर आहे ते १९५५ चे, बिहारी बंधूंच्या ‘फ्लेअर’ लेबलसाठी केलेले ध्वनिमुद्रण. (आडनावाचा आपल्या बिहारशी काही संबंध नाही, हे कुटुंब मूळचे हंगेरीकडचे.) सुरुवातीलाच गिटारवर एक आकृती धडाधड वाजते. बोटात घातलेली नळी तारेवरून घसरवत स्वर काढण्याची ही स्लाइडची रीत आहे. मींड ऐकण्याची सवय असलेल्या कानाला स्वरांमधली ती घसरण लगेच आपली वाटते, मात्र इथे मींडेची शांती नाही. विजेच्या अॅम्प्लिफायरमधून आलेला स्वर कडेला करवतीसारखा दातेरी झालेला असतो. एल्मोर जेम्स मे १९६३ मध्ये शिकागोत वारले, म्हणजे इंग्लंडमधल्या मुलांनी ही तबकडी हाती घेतली तेव्हा ते हयात नव्हते. त्या मुलांपैकी कित्येकांनी गिटार हाती धरून आधी हीच आकृती घोटली असणार. ‘फ्लीटवूड मॅक’ या ब्रिटिश वाद्यवृंदातल्या जेरेमी स्पेन्सरचे १९६७-६८ मधले वादन ऐकले म्हणजे तो धडा किती मनापासून गिरवला गेला ते कळते.

ऑर्गनची वाट निराळी आहे आणि ती झटपट उरकता येते. जिमी मॅक्ग्रिफ यांच्या तबकड्यांत शब्द जवळजवळ नसतात, हॅमंड ऑर्गनच बोलतो, आणि नाचण्याच्या जागी अशी दोन-तीन शब्दहीन गाणी लागोपाठ का लावली जात, हे ती मोठ्याने ऐकल्यावर सांगावे लागत नाही.

ओटिस रेडिंग यांचे ‘शाउट बामालामा’ मात्र थांबून ऐकावे. स्टॅक्स कंपनीत जाण्याच्या आधीचे हे जॉर्जियातले ध्वनिमुद्रण आहे आणि त्यात रेडिंग उघडउघड रॉक अँड रोल गायक लिटल रिचर्डच्या सावलीत गातात. ज्याला रेडिंग यांची पुढची, ओलाव्याने भरलेली संथ गाणी ठाऊक आहेत, त्याला हे अडखळायला लावते. स्टीव्हन्स यांना पूर्णत्वाला गेलेल्या कलावंताइतकाच घडत असलेला कलावंत हवा होता, असे माझे मत या तबकडीमुळे झाले.

नक्कल आणि अस्सल शेजारी ठेवा

या लेबलने ब्रिटिश संगीतात काय घडवले ते समजण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे ‘सू’ची तबकडी आणि तिच्यावरून ब्रिटिश वाद्यवृंदाने केलेली आवृत्ती एकापाठोपाठ ऐकणे. दोन जोड्या पुरेशा आहेत.

पहिली जोडी ‘डॅडी रोलिंग स्टोन’ची. ओटिस ब्लॅकवेल यांचे १९५३ चे हे गाणे डेरेक मार्टिन यांनी पुन्हा गायले, आणि ते ‘सू’वर डब्ल्यू आय ३०८ म्हणून निघाले. ‘द हू’ने १९६५ मध्ये आपल्या एका तबकडीच्या दुसऱ्या बाजूला तेच घेतले. मार्टिन यांच्या गाण्यात बढाई आहे, पण तिच्यात निवांतपणा आहे. मागचे आवाज त्यांना सावरून धरतात. ‘द हू’च्या गाण्यात तो निवांतपणा उडून गेला आहे आणि त्या जागी ढोल-झांजांची घाई आणि विशीतल्या पोरांचा ताठा आला आहे. यात वाईट-बरे ठरवण्याची घाई करू नका. कोणती गोष्ट समुद्र ओलांडताना सुटली आणि कोणती नवी मिळाली, एवढेच वहीत लिहा.

दुसरी जोडी मला अधिक प्रिय आहे. ‘सोल सिस्टर्स’ या दोघींचे ‘आय कान्ट स्टँड इट’ हे खास मरे यांच्या न्यूयॉर्कच्या लेबलचे गाणे. ते १९६४ मध्येच बर्मिंगहॅमच्या ‘स्पेन्सर डेव्हिस ग्रुप’ने ध्वनिमुद्रित केले, आणि गाणारा स्टीव्ह विनवूड तेव्हा सोळा वर्षांचा होता. या वाद्यवृंदाचे व्यवस्थापनही ब्लॅकवेल यांच्याकडेच होते, त्यामुळे गाणे एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जावे तसे गेले. आधी दोघींचे ऐका, मग मुलाचे ऐका. त्याच्या आवाजातला कोवळेपणा आणि त्याने घेतलेला प्रौढ आव यांची जी ओढाताण होते, ती मला दर वेळी हलवते.

तबकडीवरचा मजकूर वाचा

तबकडी हातात आली की लगेच सुई ठेवू नका. मधल्या कागदावर गाण्याच्या नावाखाली कंसात रचनाकारांची आडनावे असतात. गायक आणि रचनाकार एकच आहेत का, हे आधी पाहा. फॉक्स भावंडांच्या तबकडीवर ते एकच आहेत. रचनाकाराच्या नावाबरोबर प्रकाशन संस्थेचे नाव असते, आणि मूळ अमेरिकन कंपनीचा माग तिच्यावरून बऱ्याचदा लागतो. दोन निरनिराळ्या गायकांच्या तबकड्यांवर एकच प्रकाशक दिसला, की त्या एकाच दारातून आल्या असण्याचा संभव असतो. एल्मोर जेम्स यांचे ‘डस्ट माय ब्लूज’ आणि बी. बी. किंग यांचे ‘रॉक मी बेबी’ ही दोन्ही बिहारी बंधूंकडची आहेत. अशा सात-आठ जोड्या जुळल्या की पुस्तक न उघडता तुमच्यासमोर अमेरिकेतल्या छोट्या कंपन्यांचा नकाशा तयार होतो.

कागदाच्या कडेला, जिथे खाचा संपतात त्या गुळगुळीत पट्टीवर, कोरलेले क्रमांक असतात. नाट्यगीतांच्या जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांना या क्रमांकांचे महत्त्व वेगळे सांगायला नको. कागदावरचा क्रमांक आणि कोरलेला क्रमांक जुळतो का, ते भिंगातून पाहावे. जुळत नसेल तर विकणाऱ्याला कारण विचारावे.

विकत घेताना

अमेरिकन आणि ब्रिटिश प्रत ओळखण्याची सोपी खूण मधल्या भोकात आहे. अमेरिकेतल्या पंचेचाळीस फेऱ्यांच्या तबकडीला दीड इंचाचे मोठे भोक असते. ब्रिटिश तबकडीला लहान भोक असते आणि त्याभोवतीचा भाग बऱ्याचदा दाबून काढता येण्याजोगा केलेला असतो, म्हणजे ज्यूकबॉक्समध्ये (नाणे टाकून गाणे वाजवायच्या यंत्रात) ती बसावी. कित्येक प्रतींतून हा मधला भाग कधीच निघून गेलेला असतो. अशी प्रत वाजवण्यात काही अडचण नाही, प्लास्टिकचे अडॅप्टर लावले की झाले, पण किंमत मात्र कमी असायला हवी.

स्थितीच्या बाबतीत डोळ्यांवर विसंबू नका, हे मी पैसे मोजून शिकलो. एका विक्रेत्याने टपालाने पाठवलेली ‘सू’ची तबकडी पाकिटातून काढली तेव्हा आरशासारखी चमकत होती, एकही ओरखडा नव्हता. सुई ठेवल्यावर पहिले मिनिट ठीक गेले. पुढे गायिकेचा आवाज जिथे जिथे चढला तिथे तिथे तो फाटू लागला, आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटात ब्रासचा, म्हणजे पितळी वाद्यांचा, नुसता खरखराट उरला. ती तबकडी तिच्या तरुणपणी जड दांड्याच्या, झिजलेल्या सुईच्या प्लेअरवर शेकडो वेळा वाजली होती. वरची चमक शाबूत होती आणि खाचेच्या भिंती खरवडून गेल्या होत्या. तेव्हापासून मी दोन गोष्टी पाळतो. दिव्याखाली तबकडी तिरकी धरून खाचांत करडी छटा दिसते का ते पाहतो, आणि विक्रेत्याला गाण्याचा शेवट वाजवून दाखवायला सांगतो, कारण आतल्या फेऱ्यांत सुईला कमी लांबीच्या वाटेत तेवढेच संगीत वाचावे लागते आणि झीज तिथेच सर्वांत आधी ऐकू येते. टपालाने घेत असाल तर शेवटच्या अर्ध्या मिनिटाचे मुद्रण मागवावे. प्रामाणिक विक्रेता ते आनंदाने पाठवतो.

धुताना गार किंवा कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब आणि मऊ कापड पुरते. कागद कोरडा ठेवून खाचांच्या दिशेनेच पुसावे आणि तबकडी उभी ठेवून वाळू द्यावी. गरम पाणी आणि ऊन या दोहोंपासून तिला दूर ठेवावे.

मोठ्या खर्चाची घाई नसेल तर एक तडजोड सुचवतो. बॉब आणि अर्ल यांचे ‘हार्लेम शफल’ हे लॉस एंजेलिसचे १९६३ चे ध्वनिमुद्रण ‘सू’ने १९६५ मध्ये डब्ल्यू आय ३७४ म्हणून काढले, तेव्हा क्लबांबाहेर त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. ‘सू’ बंद झाल्यावर आयलंडने १९६९ मध्ये ते स्वतःच्या नावाने पुन्हा काढले आणि ते ब्रिटिश यादीत सातव्या क्रमांकावर पोहोचले. ध्वनिमुद्रण तेच आहे. सुरुवातीची तुतारीसारखी ललकारी तीच आहे, जी १९९२ मध्ये ‘हाउस ऑफ पेन’ या रॅप गटाने आपल्या गाण्यात उचलली. १९६९ ची प्रत भरपूर विकली गेल्यामुळे ती सहज सापडते. पहिली खरेदी म्हणून तीच घ्यावी, वर सांगितल्याप्रमाणे तिचा शेवट वाजवून पाहावा, आणि घरी आणल्यावर ब्रासची ललकारी संपून ढोल सुरू होतात त्या क्षणी टाळी दुसऱ्या मात्रेवर पडते आहे ना, तेवढे बघावे.